पुण्यात मधमाशीपालकांचे मंडळ चालवायचे असेल तर

मधमाशीपालनाचे प्रशिक्षण संपते, दहा-बारा जण व्हॉट्सॲपवर गट काढतात, कुणी हौसेने बोधचिन्ह करतो, डिसेंबरात एक झकास बैठक होते. ऑगस्ट उजाडतो तेव्हा निम्म्या पेट्या रिकाम्या झालेल्या असतात आणि गटावर फक्त सुप्रभातचे संदेश उरतात. पुण्यात हे इतक्या वेळा होते की त्याला अपवाद ठरायचे असेल तर पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात ठेवा: मंडळाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर असते. त्या चार महिन्यांत सभासदांच्या पेट्यांतल्या माश्यांच्या वसाहती जगल्या तर पुढचे कार्यक्रम, शाळाभेटी, मधविक्री, सगळे आपोआप उभे राहते. पेट्याच उरल्या नाहीत तर उरलेली समिती काय करणार?

नव्याने मंडळ काढणाऱ्यांसाठी पुढचे टप्पे त्याच क्रमाने घेतले आहेत. नोंदणी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे.

१. आधी माणसे जमवा, पण मोजकी

सुरुवातीला सात ते पंधरा माणसे पुरेत. त्यातल्या निदान तिघांकडे स्वतःच्या पेट्या असाव्यात आणि त्यांनी एक पावसाळा काढलेला असावा. बाकीचे पूर्ण नवखे असले तरी चालतात.

नवख्यांना प्रशिक्षणाशिवाय पेटी देऊ नका. पुण्याचे नशीब असे की खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून इथेच, गणेशखिंड रस्त्यावर आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागातल्यांना नारायणगावचे आणि पूर्वेकडच्यांना बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र जवळ पडते. तिथे मधमाशीपालनाचे वर्ग कधी आहेत ते आधी फोन करून विचारा. मंडळाने स्वतःचा अभ्यासक्रम रचण्यात पहिली दोन वर्षे घालवू नयेत.

कामे पहिल्याच बैठकीत वाटून द्या. अध्यक्ष कोण यावर तासभर चर्चा होते आणि साहित्य कुणाकडे राहणार हे कुणी विचारतच नाही. मंडळ खरे तर चार माणसांवर चालते: पैसे सांभाळणारा, साहित्य सांभाळणारा, ‘आमच्याकडे पोळे लागले आहे’ असे मोहोळाचे फोन घेणारा आणि दर महिन्याला सभासदांच्या पेट्यांची विचारपूस करणारा. ही चार कामे चौघांकडेच राहू द्या. एकाच उत्साही माणसाकडे सगळी गेली की तो वर्षभरात थकतो आणि मंडळही त्याच्याबरोबर बसते.

२. माशी कोणती ते ठरवा

शहरात आणि मावळ-मुळशीच्या पट्ट्यात सुरुवात सातेरीने करा. ती इथलीच आहे, पेटीत राहते, एका जागी ठेवता येते. मध कमी देते. वर्षाला पेटीमागे पाच-सात किलो मिळाला तरी चांगले म्हणायचे. मेलिफेरा ही युरोपीय जात जास्त मध देते, पण तिला फुलोऱ्यामागे हलवावे लागते. टेम्पो, रात्रीचा प्रवास, शेतकऱ्यांशी बोलणी हे सगळे ज्याला जमते त्यानेच तिच्या वाटेला जावे. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्या पेटीत ठेवता येत नाहीत. नवखे सभासद हा प्रश्न दर बैठकीला विचारतील, उत्तर तयार ठेवा.

एका मंडळात पेटीचे माप एकच हवे. सातेरीसाठी आयएसआयची ‘ए’ मापाची पेटी घ्या आणि सगळ्यांनी तीच घ्या. ज्यात माश्या पोळे बांधतात त्या चौकटी एकमेकांच्या पेटीत बसल्या नाहीत तर अडीअडचणीला पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्या असलेली, चौकट देता येत नाही आणि मध काढायचे मधयंत्रही सामायिक वापरता येत नाही. ओळखीच्या सुताराकडून पेट्या करून घेणे स्वस्त पडते, पण एक नमुना पेटी त्याच्या पुढ्यात ठेवूनच काम द्या. चौकट आणि भिंत यांमधली फट सात ते नऊ मिलिमीटर लागते. ती वाढली की माश्या तिथे आडवे पोळे बांधतात आणि चौकट उचलताना ते फाटते. कमी झाली की जायला वाट राहत नाही. सुताराला हे दोन-चार मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतात.

३. वर्षाचे वेळापत्रक फुलांवर बेता

महिन्याचा दुसरा रविवार वगैरे ठरवायला हरकत नाही, पण बैठकीत काय करायचे ते फुलोरा ठरवतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: पावसानंतरची रानफुले, वसाहती वाढतात. नवीन वसाहती घ्यायचा आणि द्यायचा हाच काळ.

डिसेंबर ते फेब्रुवारी: शेवगा, निलगिरी, शेतातली पिके. जोमदार वसाहतींचे विभाजन, नवख्यांचे प्रात्यक्षिक, शाळाभेटी.

मार्च ते मे: जांभूळ, करंज, कडुनिंब, शेवटी चिंच. मधकाढणी याच दिवसांत. उन्हाचा तडाखा वाढला की पेटीवर ओले गोणपाट आणि जवळ पाणी हवेच.

जून ते सप्टेंबर: तुटवडा. एकही नवीन पेटी कुणाला द्यायची नाही.

शेवटची ओळ घटनेत लिहून ठेवली तरी चालेल. मे महिन्यात कुणीतरी हमखास स्वस्तात वसाहत देऊ करतो. घेणारा खूश होतो, आणि दोन महिन्यांत पेटी ओस पडते.

नवख्याला वसाहत देताना काय पाहायचे? पाच-सहा चौकटी माश्यांनी झाकलेल्या हव्यात, अंडी, अळ्या आणि बंद कोष तिन्ही दिसायला हवेत. राणी प्रत्यक्ष दिसली नाही तरी चालते. पोळ्यातल्या घराच्या तळाशी उभे अंडे दिसले म्हणजे ती तीन दिवसांच्या आत तिथे होती. बऱ्याच मंडळांत वसाहतीची परतफेड वसाहतीनेच करायचा नियम असतो: आज घेतली, पुढच्या किंवा त्यानंतरच्या हंगामात विभाजन करून एक मंडळाला परत. पैशांपेक्षा हा नियम चांगला चालतो, कारण परतफेड करायला सभासदाला पेटी जगवावी लागते.

४. सामायिक मधुबन

नवख्यांना शिकवायला तीन ते पाच पेट्यांचे एक मधुबन लागते. जागा टेकडीलगतच्या एखाद्या सभासदाच्या प्लॉटवर असो, शेतावर असो की इमारतीच्या गच्चीवर, लेखी परवानगी घ्या. गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर एका सभासदाचे तोंडी ‘ठेवा की’ पुरत नाही. समितीचा ठराव हवा. महापालिकेच्या उद्यानात ठेवायच्या तर उद्यान विभाग आणि वनजमिनीवर तर वन विभाग, हे ओघाने आलेच.

जागा निवडताना सकाळचे ऊन आणि दुपारची सावली पाहा. वाऱ्याच्या तोंडावर पेटी नको. पेटीच्या दारासमोर वावर असेल तर चार-पाच फुटांवर माणसाच्या उंचीपेक्षा उंच हिरवी शेडनेट बांधा. माश्या ती ओलांडायला वर चढतात आणि डोक्यावरून निघून जातात. शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी या जाळीनेच मिटतात. उरलेल्या निम्म्या पाण्याच्या असतात: जवळ पाणी नसले की माश्या शेजारच्या कूलरवर आणि धुण्याच्या दोरीवर जातात. मातीच्या परळात खडे टाकून पाणी ठेवा आणि ते पेट्या आणायच्या आधीपासून ठेवा. एकदा शेजारच्या कूलरची सवय लागली की सुटत नाही.

मुंग्यांसाठी स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. पुण्यात यात एक मेख आहे. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधत गच्चीवर येतात आणि साचलेले पाणी दिसले की नोटीस मिळते, ती योग्यच असते. वाट्यांत पाण्यावर थोडे तेल सोडा किंवा दर चार दिवसांनी पाणी बदला, आणि ते कुणी करायचे ते नावानिशी ठरवा.

मंडळाच्या साहित्यात सुरुवातीला एवढे हवे:

मुखजाळ्या दहा, त्यांतल्या निदान चार मुलांच्या मापाच्या, धुरांड्या दोन, चौकटी सुट्या करायच्या पटाश्या तीन, मऊ केसांचा ब्रश, राणीसाठी छोटा पिंजरा, दारावर लावायच्या राणी अडवणाऱ्या पट्ट्या, राणीला मधकोठीत जाऊ न देणाऱ्या राणी जाळ्या, दोन रिकाम्या पेट्या चौकटींसह, चार चौकटींचे स्टेनलेस स्टीलचे मधयंत्र, गाळणीचे कापड आणि झाकणाच्या बादल्या, मधातली आर्द्रता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, प्रथमोपचाराची पेटी. बरण्या, जाळी, कापड यांसाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक फेरी पुरते.

प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक घाला आणि नेली-आणली वहीत सहीसकट लिहा. मधयंत्र परत येताना धुऊन, कोरडे करूनच आले पाहिजे. पटाश्या आणि ब्रश एका मधुबनातून दुसऱ्यात जाताना उकळत्या पाण्याने धुवायचे. हे काटेकोरपणे का? सातेरीत थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग पसरतो तो अशाच देवघेवीतून. त्यात अळी कोषात जायच्या वेळी मरते, घरात उताणी आडवी राहते आणि चिमटीने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी बाहेर येते. त्यावर औषध नाही. अशी अळी दिसली की त्या वसाहतीच्या चौकटी कुणालाही द्यायच्या नाहीत, राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवायचे आणि गटावर लगेच कळवायचे. लपवाछपवी झाली तर सगळ्यांचेच नुकसान. मंडळात यासाठी कुणाला दोष देण्याची पद्धत पडू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणारच नाही.

५. पावसाळ्याची तयारी मे महिन्यात

मधाच्या हंगामात सगळा मध काढून घेणे ही नवख्यांची सर्वांत महागडी हौस. वरच्या मधकोठीतला काढा, खालच्या पिलाव्याच्या कोठीतल्या चौकटींवरचा मध माश्यांचा. मे अखेरीस मंडळाने प्रत्येक सभासदाच्या पेट्यांची फेरी घ्यावी. काय करायचे:

अ) माश्या जितक्या चौकटी झाकतात तितक्याच ठेवा, जास्तीच्या काढा. मोकळ्या पोळ्यावर पोळे खाणारा मेणकिडा येतो. काढलेली चांगली पोळी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग हवाबंद पिशवीत बांधा. काळी, जुनी पोळी वितळवून मेण करा. डांबरगोळ्या घालू नका, त्यांचा वास मेणात मुरतो आणि पुढच्या मधात उतरतो.

आ) तळपाट खरवडून स्वच्छ करा. मेणकिड्याची अळी तळाच्या कचऱ्यातूनच सुरू होते. पावसाळ्यात हे दर आठवड्याला.

इ) पेटी दाराकडे किंचित उतरती ठेवा म्हणजे आत पाणी साचत नाही. छपराला पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक. दार अरुंद करा.

ई) साखरपाक: एक किलो साखरेला एक लिटर पाणी. पाणी उकळून उतरवल्यावर साखर विरघळवा, पाक चुलीवर आटवत बसू नका; करपलेली साखर माश्यांना बाधते. एका वसाहतीला आठवड्याला साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम साखरेचा पाक. द्यायचा तो संध्याकाळी, पेटीच्या आत, आणि मधुबनातल्या सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला की दुबळ्या पेटीवर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूट पडते आणि तासाभरात ती संपते. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात.

साखर मंडळाने घाऊक घेऊन सभासदांना आणलेल्या भावात वाटणे, हे पावसाळ्यातले सगळ्यांत उपयोगी काम आहे. त्या निमित्ताने प्रत्येकाला दर आठवड्याला एक प्रश्न विचारता येतो: पाक घेतला का? माश्यांनी दोन दिवस पाकाला तोंड लावले नाही तर काहीतरी बिघडले आहे, जाऊन पाहा.

वसाहत पेटी सोडून जाण्याची कारणे ठरलेली असतात: मुंग्या, मेणकिडा, उपासमार, सतत उघडझाप, कडक ऊन. पराग आणणे थांबणे, राणीची अंडी बंद होणे, पेटी हलकी लागणे ही आधीची लक्षणे. अशा वेळी दाराला राणी अडवणारी पट्टी लावून पाक सुरू करा. कारण दूर केले नाही तर पट्टीने फक्त चार दिवस मिळतात.

याच महिन्यांत सोसायट्यांमध्ये आणि गल्लोगल्ली डासांसाठी धूरफवारणी होते. त्या औषधाने माश्याही मरतात. सभासदाने आपल्या सोसायटीच्या कार्यालयात आणि महापालिकेच्या आरोग्य कोठीवर आधी सांगून ठेवावे, फवारणी माश्या परतल्यावर, अंधार पडताना करून घ्यावी आणि तेवढा वेळ दाराला बारीक जाळी लावावी. हवा खेळती राहील असे पाहा. दार कापडाने गच्च बंद केले तर माश्या आतच घुसमटतात. सकाळी दारासमोर जीभ बाहेर आलेल्या मेलेल्या माश्यांचा ढीग दिसला तर ते विषच समजा.

६. मोहोळाचा फोन

मंडळ लोकांपर्यंत पोचते ते या एका कामाने. ‘आमच्या बाल्कनीत पोळं आहे, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंय’ असा फोन ऑक्टोबरपासून मेपर्यंत येत राहतो. एक क्रमांक ठेवा, त्याची पाळी लावा आणि फोन घेणाऱ्याला हे प्रश्न कागदावर लिहून द्या:

फोटो पाठवा. पोळे उघड्यावर आहे की पोकळीत? केवढे आहे, तळहाताएवढे, ताटाएवढे की त्याहून मोठे? कोणत्या मजल्यावर, किती उंच? घरात लहान मूल, वृद्ध किंवा डंखाची ॲलर्जी असलेले कुणी आहे का? कुणी दगड, धूर, पाणी, फवारा असे काही केले आहे का?

या उत्तरांवरच निम्मा निकाल लागतो. फांदीला किंवा झुडपात तळहाताएवढे एकच पोळे असेल तर फुलोरी. सहसा त्रास देत नाही, राहू द्या म्हणून सांगा. छज्ज्याखाली हातभर रुंद लोंबते एकच पोळे म्हणजे आग्या. मीटरच्या पेटीत, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी म्हणजे सातेरी. कागदासारखे राखाडी घर दिसले तर ती गांधीलमाशी, तिचा आपल्याशी संबंध नाही, पण तसे नीट सांगा.

आग्यामोहोळाला हात लावू नका. हे नवख्यांसाठीच नाही, बहुतेक जुन्यांसाठीही. ही मोहोळे पावसाळ्यानंतर येतात आणि पुढच्या पावसाच्या सुमारास आपणहून जातात, हे सोसायटीला समजावून सांगणे हेच काम. संध्याकाळी माश्या घरात येतात त्या बाल्कनीच्या दिव्याकडे ओढल्या जाऊन. दिवा बंद ठेवा, पडदा ओढा, हा उपाय लोकांना पटतो. त्यांना उठवते काय ते सांगा: काचा धुणाऱ्यांचे दोर, फटाके, संक्रांतीचे पतंग, कचऱ्याचा धूर, मुलांनी मारलेला दगड. उठल्याच तर तोंड झाकून बंद खोलीत शिरायचे. हात झटकू नयेत, पाण्यात उडी मारू नये. मोहोळ गेल्यावर भिंतीवर मेण उरते, आणि त्याच वासावर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी येतात. सोसायटीला ते नको असेल तर रिकाम्या जागेवरचे मेण खरवडून, धुऊन, रंग मारायला सांगा. दरवर्षी माश्या जाळण्यापेक्षा हा खर्च कमी आहे, हे सचिवांना लगेच कळते.

सातेरी मात्र पेटीत घेता येते. दोन माणसे, उतरत्या दुपारी निघा. क्रम असा:

पोकळी उघडा, हलका धूर द्या. फार धूर दिला तर माश्या पोळी सोडून कोपऱ्यात जमतात आणि राणी सापडत नाही. कडेची मधाची पोळी आधी कापून बादलीत घ्या, झाकण लावा. मग पिलाव्याची पोळी एकेक कापा आणि जशी वर-खाली होती त्याच दिशेने चौकटीत बसवून केळीच्या सोपाने किंवा सुती दोऱ्याने बांधा. उलटे बांधले तर पिलावा मरतो. दोन-तीन दिवसांत माश्या पोळे चौकटीला चिकटवतात आणि दोरा कुरतडून टाकतात. राणी दिसली की पिंजऱ्यात घेऊन त्या चौकटींमध्ये ठेवा; बाकीच्या माश्या मागोमाग येतात. नाही दिसली तर जिथे माश्यांचा घट्ट घोळका असेल तो हलक्या हाताने ओंजळीने पेटीत घ्या, बहुधा ती त्यातच असते. पेटी त्याच जागी, दार जुन्या वाटेकडे करून अंधार पडेपर्यंत ठेवा. मगच दार बंद करून हलवा.

नवी जागा निदान दोन किलोमीटर लांब हवी. सातेरी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात चरते. त्याच इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवली तर माश्या सकाळी जुन्या भोकाशी घिरट्या घालतात आणि तुमचा फोन पुन्हा वाजतो. जुनी पोकळी त्याच दिवशी बुजवायला सांगा. नव्या जागी राणी अडवणारी पट्टी चार-पाच दिवस ठेवा, रात्री पाक द्या आणि आठवडाभर पेटी उघडू नका.

पैशांबद्दल: प्रवासखर्च घ्या, तो फोनवरच सांगा, पावती द्या. पोळ्यातला मध घरमालकाला देण्याचे कबूल करू नका. त्यांनी आधी फवारा मारला असेल तर तो मध आणि ती पोळी नष्टच करायची. शिडी लागते अशा उंचीवर, विजेच्या तारांजवळ किंवा एकट्याने कधीही जायचे नाही.

७. शाळा, बागा, प्रदर्शने

जागतिक मधमाशी दिवस २० मे रोजी असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१७ मध्ये जाहीर केला आणि २०१८ पासून साजरा होतो. अडचण एवढीच की पुण्यात तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि ऊन मी म्हणते. त्या दिवशी मोठ्यांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवा: मधचाखणी, शंकासमाधान. शाळा डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या.

शाळेला आधी लेखी पत्र द्या, पालकांकडून ॲलर्जीची माहिती आणि संमती शाळेमार्फत घ्या. एका वेळी वीस-पंचवीस मुले. उघडी पेटी मुलांसमोर नको. काचेच्या प्रदर्शन पेटीत एक-दोन चौकटी पुरतात. त्यात पिलावा आणि मध दोन्ही दिसतील अशी चौकट निवडा, वर-खाली जाळीची हवा ठेवा, उन्हात टेबल मांडू नका आणि संध्याकाळी चौकट मूळ पेटीत परत जाऊ द्या. सातेरी काचेत बिथरते, दोन दिवसांच्या प्रदर्शनाला तीच चौकट वापरणे क्रूरपणा आहे. रोज बदला.

डंखाची तयारी हवीच. नांगी नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढायची, साबणाने धुऊन बर्फ लावायचा. चेहरा-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास अडकणे, चक्कर यातले काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच माहीत असले पाहिजे.

शेतकऱ्यांबरोबर परागीभवनाचा उपक्रम करायचा तर जिल्ह्यात कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट आणि डाळिंबाच्या बागा आहेत. पेट्या फुलोरा सुरू झाल्यावर न्या, आधी नेल्या तर माश्या दुसऱ्याच फुलांना लागतात. फवारणी करायचीच तर संध्याकाळी आणि आदल्या दिवशी कळवून, हे लेखी ठरवा. सभासदांची सहल काढायची असेल तर महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे आणि त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पावसाळ्यात जाऊ नका, पाहायला काही नसते.

८. मध

मध फक्त मेणाच्या टोप्यांनी झाकलेल्या पोळ्यातून काढा. तीन चतुर्थांश तरी झाकलेले हवे. अन्नसुरक्षेच्या मानकानुसार आर्द्रता २० टक्क्यांपर्यंतच चालते आणि सातेरीचा मध तसाही पातळ असतो. घाई केली की बरणीत फसफसतो. प्रत्येक बादली रिफ्रॅक्टोमीटरने तपासा.

सगळ्यांचा मध एकत्र करून मंडळाच्या नावाने विकण्याचा मोह टाळा. एका सभासदाच्या भेसळीचे किंवा ओलसर मधाचे खापर सगळ्यांवर फुटते. ज्याचा मध त्याची एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी, त्याचे लेबल, त्याचा तुकडी क्रमांक. मंडळाने यंत्र, तपासणी आणि मांडायला टेबल द्यावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, ही ओळ लेबलवर घाला.

मेळाव्यात मांडलेल्या प्रत्येक टेबलाशी कुणीतरी मध पाण्यात टाकून, अंगठ्यावर घेऊन किंवा काडीला लावून पेटवून ‘परीक्षा’ घेणार. या घरगुती चाचण्यांनी भेसळ कळत नाही. मध थिजणे, साखरेसारखे कण होणे हेही भेसळीचे लक्षण नाही. कोमट पाण्यात बरणी ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. हे सांगणारा एक फलक टेबलावर उभा करा, घसा वाचतो.

९. नोंदणी कधी आणि कशी

एक पूर्ण पावसाळा एकत्र काढल्यावर. त्याआधी वही, पावतीपुस्तक आणि बैठकांचे इतिवृत्त पुरेसे आहे. बँक खाते, देणग्या, सरकारी योजना यांची गरज लागली की नोंदणी करा.

महाराष्ट्रात अशी मंडळे सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवतात, त्याला किमान सात सभासद लागतात. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयात होतात. जवळ ठेवायचे कागद: संस्थेच्या नावाचे दोन-तीन पर्याय, विधानपत्र, नियमावली, कार्यकारिणीची यादी आणि संमतीपत्रे, सगळ्यांचे ओळखपत्र व पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि वीजबिल, पहिल्या सभेचा ठराव. नोंदणी झाली की पॅन आणि खाते, दोन सह्यांचे.

घोळ कुठे होतो? नावात ‘भारत’, ‘महाराष्ट्र’, ‘शासन’ असे शब्द घातले की अर्ज अडतो. उद्दिष्टे फक्त ‘मधमाशीपालन’ अशी लिहिली की पुढे वृक्षलागवड किंवा शाळेचा उपक्रम घेताना पंचाईत होते; प्रशिक्षण, परागीभवन, पर्यावरण जागृती असे शब्द आधीच घाला. एकाच घरातले तिघे कार्यकारिणीत घेऊ नका.

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःची गुंतवणूक असते. संस्थेने केंद्रचालक व्हायचे तर ती नोंदणीकृत हवी, शिवाय संस्थेच्या नावे किंवा दहा वर्षांच्या भाडेकराराने किमान एक हजार चौरस फुटांची इमारत आणि एक एकर जमीन हवी. शहरी मंडळाला हे सहसा झेपत नाही. सभासदांनी वैयक्तिक मधपाळ म्हणून जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात अर्ज करणे सोपे. ज्यांच्याकडे पेट्या आहेत त्यांनी राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंद करावी. पेट्यांची वाहतूक करणाऱ्यांना ती उपयोगी पडते.

१०. दरवर्षीची कटकट

हिशेब ३१ मार्चला बंद, लेखापरीक्षण, वार्षिक सभा. सभा एप्रिल-मेमध्ये घेतली तर मधकाढणीमुळे निम्मे लोक येत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या एखाद्या पावसाळी रविवारी घ्या, तेव्हा सगळे रिकामे असतात आणि पेट्यांची चौकशीही होते.

कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. हा हमखास विसरला जातो आणि चार वर्षांनी खात्यावर जुन्या, कधीच सोडून गेलेल्या खजिनदाराची सही लागते. निवडणुकीच्या ठरावासोबतच अर्ज भरून सह्या घ्या. त्याच बैठकीत साहित्याची वही, मोहोळाच्या फोनचे सिमकार्ड आणि सामायिक मधुबनाच्या जागेचे परवानगीपत्र नव्या माणसाच्या हाती द्या, यादीवर सही घेऊन.